कायम रहिवासी

खेमसिंग नाईक तांडा,
पोस्ट बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
दि. ४ जुलै २००४

चिरंजीव सुनील,
बापूचा आशीर्वाद.

गेल्या मंगळवारी पहाटे तुझ्या आईस लकव्याचा झटका आला. उजवा हात व उजवा पाय गेला. वाचा शाबूत आहे, परंतु शब्द जड येतात. यवतमाळच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस ठेवून घेण्यास सांगितले होते. तिने तिसऱ्याच दिवशी घरी आणावयास लावले. उज्ज्वला सासूचे सर्व काही करते, त्यात मला दोष काढता येत नाही. रूपली नऊ महिन्यांची झाली असून आजीच्या बिछान्याभोवती रांगत असते.

तू रविवारी बोरीच्या बूथवर फोन करशील तेव्हा उज्ज्वला हे सांगेलच. परंतु बूथवर दहा माणसे कान देऊन उभी असतात आणि बोललेल्या शब्दाची नक्कल राहत नाही. घरातील महत्त्वाची गोष्ट लिहून कळवावी, शुद्ध लिहावी आणि खाली सही करावी, असे मला चौथीच्या गुरुजींनी शिकविले. त्यांच्यापुढे 'मले-तुले' लिहिणाऱ्यास छडी मिळत असे. मला ती एकदाच मिळाली.

दुसरी गोष्ट. आपल्या तांड्याचा नियम तुला ठाऊक आहे. लागोपाठ दोन होळ्या जो बाहेर राहिला, त्याचे बैठकीत बसणे नाही. हा नियम तुझ्या आजोबांनी केला आणि नाईक या नात्याने मी पाळला. माझा सख्खा भाऊ देवीलाल तीन वर्षे पनवेलकडे खडी फोडून परतला, तेव्हा त्यालाही मी बैठकीतून उठविले. तो आज बोरीच्या बाजारात भाजी विकतो. परंतु नियम मोडला नाही. तुझ्यापुरते मात्र 'परदेशी गेलेल्यास नियम लागू नाही' असे मीच ठरविले. त्याला आठ होळ्या झाल्या. आता लोक कुजबुजतात. उकंडा तर परवा भर बैठकीत म्हणाला, "नाईक, तुमचा पोरगा हाये का कॅलेंडरावरचा फोटो? पानं बदलून राह्यले, फोटो तोच!" सर्व हसले. मी हसलो नाही.

तरी तू ये. आईजवळ राहा आणि होळी करून जा.

शंकरसिंग खेमसिंग आडे
(इयत्ता चौथी उत्तीर्ण)

*

लबक, टेक्सास
१६ जुलै २००४

बापूंच्या पायाशी सुनीलचा नमस्कार.

तुमचे पत्र आज मिळाले. १ ऑगस्टला येथून निघतो, २ तारखेला रात्री नागपूरला उतरेन. याडीला सांगा, आईच्या हातची भाकर खाल्ल्याशिवाय मी परत जाणार नाही. डावा हात तर चालतो ना?

बापू, होळीचे मात्र मी आत्ताच स्पष्ट लिहितो, म्हणजे नंतर वाद नको. येथे कायम राहण्याचे कार्ड मला ८ मे २००१ रोजी मिळाले. त्या दिवसापासून पाच वर्षे माझे राहणे येथेच आहे असे दिसले, तर नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. अधूनमधून गावी येण्यास कोणी अडवत नाही. पण एका खेपेस सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलो, तर याचे राहणे मध्येच तुटले असे सरकार धरून चालते. ते तुटले नव्हते, हे मग मी सिद्ध करायचे. आणि वर्ष ओलांडले तर सिद्ध करण्याचीही सोय उरत नाही.

मला नागरिकत्वाचा सोस नाही. उज्ज्वला आणि रूपलीसाठी ते हवे आहे. आमचे लग्न मला कार्ड मिळाल्यानंतर झाले, म्हणून त्यांचा अर्ज वेगळ्या रांगेत आहे आणि ती रांग पाच-सहा वर्षांची आहे. मी नागरिक झालो की ती रांगच राहत नाही. काही महिन्यांत दोघी येथे येतात. म्हणून परतीचे तिकीट २४ जानेवारीचे काढले आहे. पावणेसहा महिने होतात. त्यापुढे एक आठवडाही थांबता येणार नाही.

कारखान्यात बिनपगारी रजा मिळाली आहे. आम्ही जिनिंगची यंत्रे बसवतो, आणि हंगाम तोंडावर असताना माणूस सोडायला मालक खुशीने तयार होत नाही. येथे खिडकीतून पाहिले तर नजर पोचते तेथवर कापूस आहे. वेचायला माणूस दिसत नाही. तुम्हाला ते बघवणार नाही.

तुमचा
सुनील

*

खेमसिंग नाईक तांडा
दि. २० एप्रिल २००५

चिरंजीव सुनील,
आशीर्वाद.

तू जाऊन तीन आठवडे झाले. पोचल्याचा फोन उज्ज्वलास आला. मला पत्र आले नाही.

२९ मार्चला तू दारव्ह्याच्या बसमध्ये बसलास, तेव्हा खिडकीतून बाहेर पाहिले नाहीस. रूपली हात हलवीत होती. ज्याची आई जाऊन अडीच महिने झाले, तो मनुष्य मागे वळून पाहत नाही, असे मी उज्ज्वलास समजाविले. तिने मान हलविली.

लोक अजून होळीची गोष्ट काढतात. ज्या घरात वर्षात मृत्यू झाला, त्या घराचा शोक तांडा होळीस उठवितो आणि त्या वेळी घरचा मुलगा उंबऱ्यात असावा लागतो, ही आपली रीत. नाईकाच्या घरचा शोक उठल्याशिवाय होळीची लेंगीगीते कशी म्हणतील? तू डफावर पहिली थाप दिलीस तेव्हा उकंडासुद्धा उठून उभा राहिला. तुझी आई मोतीबाई असती तर तिने दृष्ट काढली असती. बैठकीत तू माझ्या उजव्या हातास बसलास. पुढील दोन होळ्यांपर्यंत तुझ्या जागेस कोणी बोट लावू शकत नाही.

तिकीट वाया गेले, सहा महिन्यांवर दिवस गेले, असे तू निघेपर्यंत बोलत होतास. एकवार लिहितो आणि विषय संपवितो. तेराव्या दिवशी तू सामान बांधलेस, तेव्हा मी माझे पागोटे उतरवून तुझ्या पायाशी ठेविले. चाळीस वर्षे मी नाईक आहे. ते पागोटे तहसीलदारापुढे उतरले नाही. तांड्यासमक्ष ते उतरले आणि तू थांबलास. यात तुझाही मान राहिला. आई वारली, हे कारण कोणत्या देशातील सरकारास पटणार नाही? तेथेही माणसे आईच्याच पोटी जन्मतात.

शंकरसिंग खेमसिंग आडे
(इयत्ता चौथी उत्तीर्ण)

*

लबक
२२ मे २००५

बापूंना नमस्कार.

पोचलो. विमानतळावरच्या खिडकीतल्या माणसाने पासपोर्टावरचे शिक्के पाहिले आणि विचारले, "आठ महिने कुठे होता? तुम्ही राहता तरी कुठे?" मी म्हणालो, येथे. तो म्हणाला, "नक्की?" मग शिक्का मारला.

पागोट्याचा विषय तुम्ही संपवला, म्हणून मीही संपवतो. फक्त इतकेच, की ते ओलांडून जाणे मला जमले नाही. थांबायचे मी ठरवले होते, असे मात्र समजू नका.

काम ठीक आहे. उज्ज्वलाला दारव्ह्याच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ द्या. आठवड्यातून तीनच दिवस आहे. येथे आल्यावर तिला दुकानातसुद्धा माझे तोंड पाहावे लागू नये.

सुनील

*

खेमसिंग नाईक तांडा
दि. ११ डिसेंबर २००५

चिरंजीव सुनील,
आशीर्वाद.

इंग्रजीच्या वर्गाविषयी तू तीन वेळा लिहिलेस. रूपली लहान आहे आणि दारव्ह्याच्या बसचा भरवसा नाही. पुढे पाहू.

कापसाचा भाव गेल्या वर्षापेक्षा उतरला. खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली आहे. माणसे रांगेतच स्वयंपाक करून जेवतात. राळेगाव तालुक्यातून दर आठवड्यास वाईट बातमी येते. कोणाकोणाच्या घरी जाऊन बसावे, हे नाईक असूनही मला कळेनासे झाले आहे. आपले ठीक आहे. मी कोणाचे देणे ठेवीत नाही.

बाजारात लोक म्हणतात की तुमच्या तिकडील सरकार शेतकऱ्यास घरबसल्या पैसे देते आणि त्यांचा स्वस्त कापूस आमचा भाव पाडतो. "नाईकाचा पोरगा तेच मशिनी बसवून राह्यला तिथं," असे देवीलाल भाजी तोलता तोलता म्हणाला. मला ऐकू यावे इतक्याच आवाजात म्हणाला. मी वांगी न घेता परत आलो.

तू त्या देशाचा नागरिक होणार म्हणतोस. हो. मी काय सांगणार?

शंकरसिंग खेमसिंग आडे
(इयत्ता चौथी उत्तीर्ण)

*

लबक
९ ऑक्टोबर २००६

बापूंना नमस्कार.

हे पत्र नीट वाचा. गरज वाटल्यास उज्ज्वलाकडून पुन्हा वाचून घ्या.

नागरिकत्वाचा अर्ज मी फेब्रुवारीत केला होता; पाच वर्षे भरण्याच्या तीन महिने आधी तो करता येतो. परवा मुलाखत झाली. इतिहासाचे प्रश्न, इंग्रजी, सगळे सुटले. मग अधिकारी बाईंनी आठ महिन्यांच्या त्या खेपेवर बोट ठेवले. त्या काळात तुमचे राहणे येथेच होते हे दाखवा, म्हणाल्या. त्यासाठी साठ दिवसांची मुदत दिली आहे. घराचे भाडे मी आठही महिने भरले होते, त्याच्या पावत्या दिल्या. बँकेचे कागद दिले. पण बायको-मुलगी तेथे, हे माझ्याविरुद्ध जाते. म्हणून तुमच्या सहीचे पत्र हवे. त्यात तीनच वाक्ये लिहा:

"माझा मुलगा सुनील याचे घर लबक येथे आहे. आईच्या आजारपणामुळे तो आमच्याकडे पाहुणा म्हणून आला होता. तिच्या मृत्यूनंतर माझ्या आग्रहामुळे त्याला ठरल्यापेक्षा जास्त थांबावे लागले."

बापू, याखेरीज एक शब्द नको. दारव्ह्याला आसिमकडून इंग्रजी करून घ्या; रहेमान मिस्त्रींचा मुलगा आहे, नीट करील. पत्र माझ्या पत्त्यावर पाठवा. तुम्हाला प्रकरण कळावे म्हणून कार्यालयाच्या नोटिशीची झेरॉक्स सोबत ठेवली आहे.

हे जमले, तर पुढच्या दिवाळीला उज्ज्वला आणि रूपली माझ्याजवळ असतील. रूपली तीन वर्षांची झाली. तिने मला आठ महिने पाहिले तेही तिच्या लक्षात राहण्याच्या वयात नाही.

सुनील

*

खेमसिंग नाईक तांडा
दि. २ नोव्हेंबर २००६

चिरंजीव सुनील,
आशीर्वाद.

तुझे काम फत्ते झाले असे समज.

तीन ओळींच्या पत्राने सरकारी काम होत नसते. माझे आयुष्य तहसिलीच्या पायऱ्या चढण्यात गेले. जातीचा दाखला असो, विहिरीचे प्रकरण असो, साहेब पहिली गोष्ट विचारतो: रहिवासी दाखला आणला काय? ज्याचे मूळ ठिकाण कागदावर नाही, त्यास कोणतेही कार्यालय उभे करीत नाही. आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर धान्य-मीठ लादून फिरली. ज्याने त्याने विचारावे, तुमचे गाव कोणते? आणि आपल्यापाशी उत्तर नसावे. तुझ्या आजोबांनी तांडा या माळावर बसविला आणि पहिला रहिवासी दाखला काढला, तो मी अजून पेटीत जपून ठेविला आहे. माझ्या मुलास त्या बाईने बिनगावाचा समजू नये.

म्हणून मी पक्के काम केले. तलाठ्याकडून दाखला घेतला. त्याने मला खुर्ची दिली. मजकूर असा: "दाखला देण्यात येतो की, श्री. सुनील शंकरसिंग आडे हे येथील जन्मापासूनचे कायम रहिवासी असून नोकरीनिमित्त तात्पुरते बाहेरगावी असतात." सोबत तुझ्या नावचा सातबाराचा उतारा, रेशनकार्डाची नक्कल, मतदार यादीतील तुझ्या नावाचे पान, आणि माझे स्वतःचे पत्र, ज्यात तू नाईकाचा एकुलता पुत्र असून बैठकीतील तुझी जागा राखीव असल्याचे नमूद केले आहे. आईच्या मृत्यूचा दाखलाही जोडला.

आसिमने सर्व इंग्रजीत टंकले. "चाचा, भाईनं तं तीनच ओळी मांगितल्या, तुमी हे पोथं कायले लावून राह्यले?" असे त्याने विचारले. आणखीही काही निरर्थक शंका काढल्या. त्याच्या बापास यंत्र कळते. मुलास कागद कळत नाही.

नोटिशीवर कार्यालयाचा पत्ता होताच. दुसऱ्याच्या हातून कागद पाठविण्याची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून मी थेट तेथेच रजिस्टर केले आहे. पावती माझ्यापाशी आहे.

शंकरसिंग खेमसिंग आडे
(इयत्ता चौथी उत्तीर्ण)

*

लबक
२८ जानेवारी २००७

बापू,

अर्ज नामंजूर झाला.

तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी त्या कार्यालयात धावलो. पाकीट पोचले होते, फाइलला लागले होते. काढून घेता येत नाही. अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांनी मला समोर बसवून आसिमचे इंग्रजी हळूहळू वाचून दाखवले. "जन्मापासूनचे कायम रहिवासी. तात्पुरते बाहेरगावी." मग म्हणाल्या, "हे तुमच्या वडिलांनी लिहिले आहे. ते खोटे बोलत आहेत असे तुम्हाला म्हणायचे आहे का?"



तीस दिवसांत फेरविचार मागता येतो, असे वकील सांगतो. पण तो मागायचा म्हणजे तुमच्या सहीविरुद्ध मी साक्ष द्यायची. मी मागितलेला नाही. आता माझी वर्षे २९ मार्च २००५ पासून पुन्हा मोजली जातील, तुम्ही मला बसमध्ये बसवले त्या दिवसापासून. २००९ च्या शेवटी पुन्हा अर्ज करता येईल. तोवर रूपली सहा वर्षांची झालेली असेल.

आणखी एक गोष्ट, जी मी लपवली होती. काम ठीक आहे असे मी लिहिले, ते खरे नव्हते. सहा महिने उलटले तशी मालकाने माझी जागा दुसऱ्याला दिली. परतल्यावर चौदा महिने मी एका गोदामात रात्रपाळीला कापसाच्या गाठी मोजत होतो. नोकरी तुटली, हाही मुद्दा त्यांनी माझ्याविरुद्ध धरला.

देवीलाल काका खडी फोडून आले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ते बैठकीच्या कडेला उभे होते. तुम्ही म्हणालात, "जिथं होता तिथलाच हो आता." ते म्हणाले, "दादा, पोट भरायले गेलतो, घर सोडून नाही गेलतो." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मला येथे निदान खुर्ची दिली.

सुनील

*

खेमसिंग नाईक तांडा
दि. २० फेब्रुवारी २००७

चिरंजीव सुनील,

तुझे २८ जानेवारीचे पत्र पावले.

मी पाठविलेल्या कागदांत एकही अक्षर असत्य नव्हते. सत्य लिहिले म्हणून ज्या सरकारास राग येतो, त्याच्या दारात माझ्या मुलाने उभे राहू नये, हे माझे मत आहे.

देवीलालविषयी तुला लिहिण्याचा अधिकार नाही.

उज्ज्वला रूपलीस घेऊन यवतमाळला तिच्या बहिणीकडे गेली आहे. चार दिवसांत परतेल.

शंकरसिंग खेमसिंग आडे

*

यवतमाळ
१८ जून २००७

ती. मामाजींना उज्ज्वलाचा नमस्कार.

चार दिवसांसाठी म्हणून आले, त्याला चार महिने झाले. तुम्ही दोनदा निरोप पाठवला, त्याचे उत्तर दिले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आज कामासाठीच लिहिते.

येथे एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर मला काम मिळाले आहे. दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गाला जाते. रूपलीला बालवाडीत घातले आहे. नवीन रेशनकार्डासाठी गेले, तर साहेब म्हणाले, "बाई, तुमचं नाव तिकडच्या कार्डावर हाये. तिथून कमी केल्याचा दाखला आना, मंग इथं चढंन. मानूस दोन जागी कसा राहीन?" तरी माझे आणि रूपलीचे नाव कार्डावरून कमी करून तसा दाखला पाठवावा. आपली सही लागेल.

मी का गेले, ते तुम्ही विचारले नाही. सांगून टाकते. फेब्रुवारीत दारव्ह्याला झेरॉक्स काढायला गेले होते. आसिमभाऊ माझ्याकडे बघेनात. मग म्हणाले, "भाभी, मी चाचांले सांगतलं होतं. हे कागद गेले तं भाई अटकन, असं साफ सांगतलं होतं." तोवर मी समजत होते, तुमच्याकडून चूक झाली. चूक करणाऱ्या माणसाच्या घरात मी म्हातारी झाले असते, मामाजी.

गोळ्या सकाळच्या डब्यात डावीकडे आहेत. शेजारच्या सुखीबाईला सांगून ठेवले आहे, ती भाकरी टाकून जाईल.

उज्ज्वला

*

खेमसिंग नाईक तांडा
दि. २० ऑगस्ट २००७

चिरंजीव सुनील,
आशीर्वाद स्वीकारणे किंवा न स्वीकारणे तुझ्याकडे.

हे पत्र मी चार वेळा लिहिले व फाडले. वाक्ये शुद्ध होती. मजकूर शुद्ध नव्हता.

जून महिन्यात मी तहसिलीत गेलो आणि उज्ज्वला व रूपली यांची नावे रेशनकार्डावरून कमी करून घेतली. कारकुनाने लाल शाईने रेघ मारली. रूपलीचे नाव लहान, त्यावर रेघही लहान पडली. दाखला हाती देताना तो म्हणाला, "नाईकसाहेब, आता त्यायले तिकडं सारं भेटंन." एवढा एक कागद. इथून निघाल्याचा कागद असल्याशिवाय कोणास दुसरीकडे राहता येत नाही, ही गोष्ट मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका कारकुनाने सांगितली.

आता जे सांगावयाचे ते सांगतो.

आसिमने मला सावध केले होते. त्याने यंत्रावरून हात काढले आणि म्हणाला, "चाचा, भाई म्हन्ते मी तिथला, तुमी लिवून राह्यले तो इथला. त्याचं घर तुमच्या हातानं मोडून राह्यले." मला समजले नाही असे नव्हे. मी म्हणालो, "तू टंक." तू मागितलेल्या तीन वाक्यांपैकी पहिले मी घरी दोन वेळा लिहून पाहिले. दुसऱ्यात 'पाहुणा' हा शब्द आला आणि लेखणी थांबली. समोर मोतीबाईचा फोटो होता. ज्या खोलीत तू जन्मलास, तीत तू पाहुणा होतास असे तिच्या डोळ्यांदेखत कसे लिहावे? आणि तिसऱ्या वाक्यात 'माझ्या आग्रहामुळे' असे होते. तो आग्रह पाहावयास सारा तांडा हजर होता, तरी तो माझ्या हाताने कागदावर मांडणे मला जमले नाही. मग मी दाखले गोळा करीत सुटलो. ते गोळा करताना मी स्वतःस सांगत होतो की मुलाचे बळ वाढवीत आहे. मनात दुसरेही होते. त्यांनी नाकारले तर हा परत येईल, असे होते.

याहून जुनी एक गोष्ट आहे. वारण्यापूर्वी दोन दिवस तुझी आई मला म्हणाली, "पोराले होळीले थांबवजा नोका. सुनेले अन् लेकराले त्याच्याजवळ जाऊ द्या." शब्द जड होते, परंतु मला स्पष्ट कळले. तू बाहेर डॉक्टरांस आणावयास गेला होतास. मी ते तुला सांगितले नाही. तेराव्या दिवशी तुझ्या पायाशी जे पागोटे ठेविले, त्याखाली हे झाकलेले होते.

परवा तीजेच्या दिवशी मी बोरीच्या बाजारात गेलो आणि देवीलालसमोर उभा राहिलो. म्हणालो, बैठकीत ये, माझ्या उजव्या हाताची जागा रिकामी आहे. तो पालकाच्या जुड्यांवर पाणी शिंपडीत होता. म्हणाला, "कायले दादा? चोवीस वर्स झाले, आता मले उभ्यानंच बरं वाटते. पालक पाह्यजे का?" मी एक जुडी घेतली. त्याने सुटे पैसे मोजून परत दिले. तो येणार नाही.

सोबत एक कागद आहे. तो २००९ साली तुझ्या कामास येईल किंवा येणार नाही. या वेळी कार्यालयास नव्हे, तुझ्या हाती पाठवीत आहे. द्यावा किंवा फाडावा. तुझे नाव मतदार यादीतून व रेशनकार्डावरून कमी करण्याचे अर्ज मी दिले आहेत. त्यांच्या नकला जोडल्या आहेत. शेत उज्ज्वलाच्या नावे करावयाचे असल्यास तशी तुझी संमती पाठव. बैठकीस मी सांगितले आहे की सुनीलची जागा आता धरू नये.

हे इंग्रजीत करण्यासाठी आसिमकडे गेलो होतो. त्याने पैसे घेतले नाहीत आणि बसाही म्हणाला नाही.

शंकरसिंग

(सोबतचा कागद)

दाखला देण्यात येतो की, सुनील शंकरसिंग आडे हा माझा मुलगा असून त्याचे घर लबक, टेक्सास येथे आहे. दिनांक २ ऑगस्ट २००४ रोजी तो आईच्या आजारपणामुळे माझ्या घरी पाहुणा म्हणून आला होता. तिच्या मृत्यूनंतर तो वेळेवर परत जात असताना मी त्यास अडविले. त्यात त्याची इच्छा नव्हती आणि त्याच्या आईचीही नव्हती. तो या तांड्याचा रहिवासी नाही.

सदर दाखला त्याच्या मागणीवरून, उशिरा, देण्यात येत आहे.

शंकरसिंग खेमसिंग आडे
राहणार येथेच